भारतातलं सुरुवातीचं नर्सिंग शिक्षण: परदेशातून काय आलं, काय बोटीतच राहिलं?

दिवेलागण

मराठीत नर्सिंगच्या इतिहासावर काही वाचायला घेतलं की पहिल्या पानावर कंदील घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल भेटते आणि पान उलटलं की थेट १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा. मधल्या काळात कुणी कुणाला शिकवलं, कसं शिकवलं, शिकवणाऱ्यांच्या डोक्यावर कोण होतं, याबद्दल सगळी सामसूम. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधी मांडून ठेवतो. परदेशी प्रशिक्षणाचा परिणाम हातातल्या कामावर झाला असं आपण धरून चालतो. जखम बांधणं, शेक देणं, ताप मोजणं वगैरे. ते डॉक्टरांकडूनही शिकता येत होतं आणि बऱ्याच ठिकाणी तसंच शिकलं गेलं. खरी नवी गोष्ट आली ती अधिकाराच्या मांडणीची. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जून १८६० मध्ये नाइटिंगेल शाळा उघडली तेव्हा तिच्या मुळाशी तीन अटी होत्या. नर्सवर हुकूम मेट्रनचा, म्हणजे रुग्णालयातल्या नर्सेसच्या प्रमुख बाईचा; डॉक्टर उपचार सांगेल, पण नर्सला ठेवायचं की काढायचं हे मेट्रन ठरवेल. शिकणाऱ्या मुलींचा खर्च नाइटिंगेल फंडातून, रुग्णालयाच्या तिजोरीतून नाही. क्रिमियन युद्धाच्या काळात लोकवर्गणीतून जमलेला हा फंड साधारण ४५,००० पौंडांचा होता. आणि मुलींनी रुग्णालयाच्या आवारातच, देखरेखीखाली राहायचं.

भारतात यातली पहिली अट अर्धीमुर्धी आली, तिसरी कुलपासकट आली आणि दुसरी, वेगळ्या पैशाची, बोटीतच राहिली. पुढच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला त्या दुसऱ्या अटीत दिसतं. पटत नसेल तर खोडून काढा.

खडूफळा

'कुलपासकट' आवडलं. कुलपाची किल्ली कुणाकडे, एवढ्या एका प्रश्नावर वेगळा धागा निघेल.

गोदाकाठ

सेंट थॉमसमध्ये त्या मुली वर्षभर नेमकं करायच्या काय? अभ्यासक्रम होता की नुसती उमेदवारी?

जुनीवही

गोदाकाठ, उमेदवारीच, पण तिच्यावर कागदाचा पहारा होता. पहिल्या तुकडीत १५ जणी. प्रशिक्षण एक वर्षाचं, राहणं-जेवण-गणवेश फुकट आणि वर्षाला १० पौंड हातखर्च. सकाळपासून वॉर्डात, सिस्टरच्या, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या मुख्य नर्सच्या, हाताखाली. पट्ट्या बांधणं, पोटीस लावणं, एनिमा, जळवा लावणं, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हलवणं, पाठीला व्रण होऊ न देणं, खोली हवेशीर ठेवणं, रुग्णाची स्थिती बघून सांगणं.

मेट्रन मिसेस वॉर्ड्रोपर दर महिन्याला प्रत्येकीचा तक्ता भरायच्या. त्याचे दोन भाग होते. एकात वागणूक: वेळ पाळणं, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा, वॉर्डाची व्यवस्था. दुसऱ्यात कामं, एकेका कौशल्याचा रकाना. शेरे उत्तमपासून शून्यापर्यंत. हा तक्ताच जगभर फिरला. आपल्याकडच्या नर्सिंग शाळांतली प्रात्यक्षिक नोंदवही, जिच्यात प्रत्येक कृती आधी पाहिली, मग देखरेखीखाली केली, मग एकटीनं केली असं लिहून सही घ्यावी लागते, ती त्याच घराण्यातली.

रात्रपाळी

दिवेलागण यांच्या मांडणीला एक टाचणी लावतो. नाइटिंगेल शाळेचं चित्र आपण फार देखणं रंगवतो. पहिली दहा-बारा वर्षं ती शाळा बरीचशी कागदावरच चालली होती. १८७१-७२ मध्ये नाइटिंगेलनं स्वतः चौकशी केली तेव्हा काय बाहेर आलं? वॉर्डातल्या सिस्टर शिकवत नव्हत्या, मुलींना हातमजूर म्हणून वापरत होत्या. व्याख्यानं द्यायची जबाबदारी ज्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यावर होती त्यानं ती कधीच गुंडाळली होती. मग जॉन क्रॉफ्ट या सर्जनना शिकवायला नेमलं आणि मुलींचा अभ्यास घेण्यासाठी स्वतंत्र 'होम सिस्टर' आली. १८७५ पासून मेरी क्रॉसलंड यांनी हे पद वीसेक वर्षं सांभाळलं.

सांगायचा मुद्दा, फंड वेगळा असूनही रुग्णालयानं मुलींना राबवलंच. तेव्हा पैशाची वेगळी थैली असती तर भारतात सगळं सुरळीत झालं असतं, हे काही खरं नाही.

दिवेलागण

रात्रपाळी, चौकशीचा मुद्दा मान्य. पण ती चौकशी कुणाच्या बळावर झाली? पैसे देणारा बाहेरचा होता म्हणूनच त्याला विचारायचा हक्क होता ना? रुग्णालयाच्याच पैशावर शाळा असती तर 'शिकवत का नाही' असं विचारणारं कुणी उरलं नसतं. भारतात उरलं नाही.

टाकीचे_घाव

शाळा सुरू झाल्यावर दहा वर्षांनी कळतं की शिकवत कुणीच नाही. परंपरा तेव्हापासूनची आहे तर. :)

सह्यकडा

अमेरिकेचं उदाहरण इथे नेमकं लागू पडतं. १८७३ मध्ये नाइटिंगेल नमुन्यावर तिथे तीन शाळा निघाल्या: न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू, न्यू हेवन आणि बोस्टन. बेलव्ह्यूची पहिली प्रमुख सिस्टर हेलन. ऑल सेंट्स या इंग्लिश अँग्लिकन जोगिणींच्या संघातली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात तयार झालेली. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित नर्स म्हणतात ती लिंडा रिचर्ड्स १८७३ ला बोस्टनच्याच दुसऱ्या, आधीच्या शाळेत शिकून बाहेर पडली, १८७७ ला इंग्लंडला जाऊन सेंट थॉमस बघून आली, पुढे जपानला क्योटोच्या दोशिशामध्ये शाळा उभी करायला गेली.

सांगाडा सगळा आला. फंड नाही. नर्सिंग शाळा उघडली म्हणजे जवळजवळ फुकटात कामगार मिळतात हे रुग्णालयांना एकदा कळलं, मग शाळा भराभर निघाल्या. दोन किंवा तीन वर्षं मुलगी वॉर्ड सांभाळणार, शेवटी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणार आणि तिच्या जागी नवी मुलगी. शिकलेली नर्स पगारावर ठेवायची गरजच नाही. नर्सिंग शिक्षणावरच्या १९२३ च्या गोल्डमार्क अहवालानं हेच दुखणं उघडं केलं, आणि त्याच वर्षी येलमध्ये रॉकफेलरच्या पैशातून विद्यापीठाची नर्सिंग शाळा निघाली. थोडक्यात, दिवेलागण यांची दुसरी अट नुसती आपल्याच बोटीत राहिली नाही, अटलांटिकमध्येही बुडाली. अमेरिकेनं पन्नास वर्षांनी ती वेगळ्या वाटेनं वर काढली.

निमशहरी

सगळे लंडन-न्यूयॉर्क फिरून आलात, आता जरा मद्रास-मुंबईत उतरा.

मद्रासमध्ये १८५४ ला सरकारी प्रसूतिगृहात सुईणींचं प्रशिक्षण सुरू झालं, म्हणजे नाइटिंगेल शाळेच्याही आधी. १८७१ ला तिथल्या जनरल हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. १८८५ ला लेडी डफरिन फंड, भारतीय बायकांना स्त्री डॉक्टर-नर्सकडून उपचार मिळावेत म्हणून. १८८६ ला मुंबईत कामा रुग्णालय, जिथे डॉक्टरही बायकाच. एडिथ पीची यांनी तिथे नर्सेसचं प्रशिक्षण उभं केलं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून ज्यांचं नाव येतं त्या काशीबाई गणपत, १८९१ मध्ये. आडनाव नाही, गाव नाही. पुढे काय झालं त्याचा पाठ्यपुस्तकांत पत्ता नाही, पण तारखेचा प्रश्न मात्र परीक्षेत हमखास.

सिस्टर हेलनचा उल्लेख आला म्हणून जोड देतो: त्याच ऑल सेंट्स संघाच्या सिस्टर मुंबईच्या रुग्णालयांतही काम करत होत्या. बेलव्ह्यू आणि भायखळा, दोन्हीकडे एकाच घरातून माणसं गेली.

रात्रपाळी

निमशहरी, लष्करी धारही धरा. मार्च १८८८ मध्ये ब्रिटनहून दहा नर्सेस मुंबईला उतरल्या, कॅथरीन ग्रेस लॉक यांच्या पुढारपणाखाली. एक तुकडी रावळपिंडीला, दुसरी मिस ऑक्सली यांच्याबरोबर बंगळूरला. काम गोऱ्या सैनिकांच्या रुग्णालयात. शिकवण्याचा भाग म्हणजे रुग्णालयातल्या सैनिकांनाच हाताशी धरून सेवक तयार करणं. भारतीय बायकांना शिकवणं हा हेतूच नव्हता. म्हणजे 'परदेशी प्रशिक्षण आलं' असं मोघम म्हणून चालत नाही. कुणासाठी आलं ते विचारायला हवं.

जुनीवही

बरोबर. त्या काळात दोन समांतर रुग्णालयं होती असंच समजा. युरोपियन रुग्णांच्या वॉर्डात युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन नर्स. 'नेटिव्ह' वॉर्डात ड्रेसर (जखमा बांधणारा), वॉर्डबॉय, आया आणि रुग्णाचे नातेवाईक. इंग्लिश पद्धतीत वॉर्डातली सिस्टर स्वतः जेवण वाढायची आणि कुणी किती खाल्लं ते टिपायची, कारण आहार हा शुश्रूषेचाच भाग मानला होता. इथे जातीमुळे परक्या हातचं अन्नपाणी चालत नाही, डबा घरून येणार, भरवणार सासू. नर्सिंगचा तो अख्खा भाग इथल्या वॉर्डातून गळून पडला आणि नातेवाइकाच्या अंगावर गेला. अजून तिथेच आहे.

सुईदोरा

थोडं विषयांतर, पण कामाचं आहे असं वाटतं. बाहेरून आलेल्या पद्धती इथल्या हवेत कशा वागल्या, याचं चांगलं उदाहरण म्हणजे अंथरूण घालणं.

शिकवण्याचा क्रम असा. गादीवर खालची चादर ताणून घाला. पायाकडचं आणि डोक्याकडचं टोक आधी गादीखाली खोचा. मग कोपरा: कडेला लोंबणारी चादर कोपऱ्यापासून साधारण फूटभर अंतरावर उचला, तिचा त्रिकोण गादीवर टाका, खाली उरलेला भाग खोचा, त्रिकोण खाली सोडा, तोही खोचा. ४५ अंशांची घडी पडते. त्यावर रुग्णाच्या कमरेपासून गुडघ्यांपर्यंत मॅकिनटॉश, म्हणजे रबरी कापड. त्यावर ड्रॉ शीट, रबराच्या दोन्ही कडा पूर्ण झाकतील अशी. ड्रॉ शीट मुद्दाम लांब ठेवतात आणि एका बाजूला जास्त खोचतात. रुग्णाखालचा भाग गरम किंवा ओला झाला की त्याला न उठवता ती दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची, की कोरडा थंड भाग खाली येतो.

आता गडबड कुठे होते? रबर घाम शोषत नाही. थंड हवेत चालून जातं, इथे मे महिन्यात पाठीखाली डबकं होतं. त्वचा भिजून मऊ पडते, वर चादरीला सुरकुती असली की माकडहाडाच्या वरच्या भागात आधी लाली आणि मग व्रण. ज्या व्रणापासून वाचवायला ही सगळी रचना, तोच तिच्यामुळे होतो. उपाय साधे आहेत: गरज असेल तेव्हाच रबर, ड्रॉ शीट जाड, कूस दर दोन तासांनी बदलायची. मॅकिनटॉश घडी घालून ठेवला की घडीवर तडकतो म्हणून गुंडाळून ठेवायचा, साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवायचा, कारण उन्हात रबर चिकट होतं. हे सगळं इथल्या नर्सेसनी इथेच शोधलं आणि तोंडी पुढे गेलं. लिखित पाठात मात्र आधी चौकोनी कोपऱ्याचे मार्क.

टाकीचे_घाव

आणि प्रात्यक्षिक परीक्षेत बाह्य परीक्षक फक्त कोपराच बघतात. रुग्ण असो वा नसो.

अंगणवेल

सुईदोरा, उलटं उदाहरणही द्यायला हवं. सार्वजनिक आरोग्य नर्सिंगची 'बॅग टेक्निक' बाहेरूनच आली आणि इथे अगदी फिट बसली. घरात शिरल्यावर स्वच्छ, उंच जागा बघायची, वर्तमानपत्र पसरायचं, बॅग त्यावर. बॅगेतून आधी फक्त साबण, ब्रश आणि टॉवेल काढायचा, हात धुवायचे, एप्रन घालायचा, आणि मगच लागेल ते बाहेर. धुतलेला हातच बॅगेच्या आत जाणार, वापरलेली वस्तू उकळल्याशिवाय परत आत नाही. शेवटी कागद आतल्या बाजूनं दुमडून टाकून द्यायचा किंवा जाळायचा. बाळंतिणीकडे आधी, संसर्गजन्य आजाराच्या घरी शेवटी.

हे चाललं कारण त्याला खाट लागत नाही, टेबल लागत नाही, रुग्ण जमिनीवर असला तरी अडत नाही. १९१८ ला दिल्लीत हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका, तयार करायची शाळा निघाली, जी पुढे लेडी रीडिंग हेल्थ स्कूल म्हणून ओळखली गेली. तिथून आलेला हा वारसा मला वॉर्डातल्या नर्सिंगपेक्षा जास्त टिकाऊ वाटतो. चुकतं एकाच ठिकाणी: दिवसाला भेटी जास्त लावल्या की हात धुणं पहिल्यांदा गळतं, कारण त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

सांगलीकर_बाळू

मिशन दवाखान्यांचा उल्लेख अजून कुणीच केला नाही? मिरजेला विल्यम वानलेस यांचं रुग्णालय १८९४ चं. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी नर्सिंग शाळा १९०९ ला काढली. सरकारी रुग्णालयं इंग्रजी येणाऱ्या मुलींची वाट बघत बसली होती तेव्हा मिशनवाले चौथी-पाचवी शिकलेल्या मुलींना त्यांच्या भाषेत शिकवत होते.

आणि परीक्षेचा प्रश्नही त्यांनीच आधी सोडवला. प्रत्येक दवाखाना आपापलं प्रमाणपत्र वाटायचा, ते शेजारच्या जिल्ह्यातही कुणी विचारत नव्हतं. म्हणून १९१० च्या आसपास उत्तर भारतातल्या मिशन रुग्णालयांनी संयुक्त परीक्षा मंडळ केलं, मागोमाग दक्षिणेत. प्रश्नपत्रिका एक, परीक्षक दुसऱ्या रुग्णालयाचा, रुग्णालयात किमान किती खाटा हव्यात आणि किती शिकलेल्या नर्सेस हव्यात याचे नियम. सरकारी नोंदणी कायदा यायच्या कितीतरी आधी. हे परदेशी माणसांनी केलं, पण नमुना लंडनहून उचललेला नाही. इंग्लंडमध्ये नर्सेसची पहिली राज्य परीक्षाच मुळी १९२५ ला झाली.

खडूफळा

बाळू, शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्यात अजून भर घाला. दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनीत नर्सेसची नोंदणी १८९१ ला सुरू झाली. न्यूझीलंडचा स्वतंत्र नोंदणी कायदा १९०१ चा. इंग्लंडचा १९१९ चा, तोही एथेल बेडफर्ड फेनविक या माजी मेट्रनच्या तीस वर्षांच्या भांडणानंतर, आणि नाइटिंगेल स्वतः नोंदणीच्या विरोधात होती. नर्सेसची नोंदणी करणारं मद्रासचं कौन्सिल १९२६, मुंबईचा कायदा १९३५. 'मायदेशात आधी, वसाहतीत नंतर' हे सूत्र नर्सिंगला लावता येत नाही.

सह्यकडा

पण मुंबई-मद्रासच्या कौन्सिलांनी अभ्यासक्रम कुणाकडे बघून ठरवला? इंग्लंडच्या जनरल नर्सिंग कौन्सिलकडेच. कारण व्यवहारी होतं. वॉर्डाची सिस्टर व्हायला इथलं प्रमाणपत्र पुरे. पण सिस्टर ट्यूटर (नर्सेसना शिकवणारी नर्स) किंवा मेट्रन व्हायचं तर पुढचं शिक्षण हवं, ते इथे नव्हतं. लंडन विद्यापीठाची नर्सिंग पदविका, बेडफर्ड कॉलेजमधले अभ्यासक्रम, रॉयल कॉलेजचे ट्यूटर कोर्स, सगळं तिकडे. तिथे प्रवेशाला आधीची नोंदणी मान्य झालेली हवी. नोंदणी मान्य व्हायला आपला पायाभूत अभ्यासक्रम त्यांच्याशी जुळायला हवा: तीन वर्षं, ठरावीक विषय, ठरावीक वॉर्ड. म्हणजे वरच्या पाच-दहा जणींना तिकडे जाता यावं म्हणून खालच्या हजारोंचा अभ्यासक्रम तिकडच्या मापानं बेतला गेला. टायफॉइड, मलेरिया, बाळंतपण यांना किती तास द्यायचे हे इथल्या मृत्यूंवरून ठरायला हवं होतं.

सुईदोरा

+१. आणि प्रत्येक प्रांताचं कौन्सिल वेगळं, त्यामुळे मद्रासची नर्स मुंबईत आली की पुन्हा कागदपत्रांची वरात.

रात्रपाळी

सह्यकडा, अर्धं मान्य. मापाचा फायदाही होता. तीन वर्षांची अट नसती तर रुग्णालयांनी एक वर्षात काम भागवलं असतं आणि त्यालाच प्रशिक्षण म्हटलं असतं. बाहेरच्या मान्यतेचा धाक होता म्हणून मुलींना बाळंतपणाचा वॉर्ड, मुलांचा वॉर्ड, ऑपरेशन थिएटर असं फिरवावं लागलं. नाहीतर जिथे माणूस कमी तिथे मुलगी, वर्षभर.

गोदाकाठ

म्हणजे त्या मुलींचा दिवस कसा असायचा? अभ्यास कधी?

जुनीवही

हीच तर मेख. वॉर्डातली ड्यूटी दहा-बारा तासांची, नंतर संध्याकाळी डॉक्टरांचं व्याख्यान, रात्रपाळीवाल्या मुलींनी झोपमोड करून बसायचं. डॉक्टर शरीररचना आणि रोग शिकवणार, म्हणजे वैद्यकीय अभ्यासक्रमाची बारकी आवृत्ती. नर्सिंग म्हणून जे शिकवायचं ते शिकवायला सिस्टर ट्यूटर हवी, ती बहुतेक ठिकाणी नव्हतीच. असली तर वॉर्डाचा भारही तिच्यावर. मग ज्ञान वहीत आणि काम हातात, दोन्हींची गाठ पडत नाही.

यावर उपाय म्हणून पुढे 'ब्लॉक' पद्धत आली: काही आठवडे सलग वर्ग, वॉर्ड पूर्ण बंद, मग सलग वॉर्ड. कागदावर झकास. फसते कुठे? एक तुकडी ब्लॉकला गेली की तिच्या जागी उभं राहायला पगारी नर्स हवी. ती नसेल तर ब्लॉक पुढे ढकलला जातो, आधी एक आठवडा, मग परीक्षेच्या तोंडावर. दिवेलागण यांची दुसरी अट इथे पुन्हा उभी राहते.

अंगणवेल

पुण्याच्या सेवासदनाचं नाव यायला हवं. रमाबाई रानड्यांनी विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग-सुईणकामाच्या शिक्षणाला पाठवलं, त्यांच्या राहण्याची सोय संस्थेनं केली. घरंदाज बाईनं परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्री बाहेर राहायचं, हे तेव्हाच्या पुण्याला पचणारं नव्हतं. वसतिगृहाची चेष्टा वर झाली खरी, पण त्या वसतिगृहाशिवाय एकही मुलगी घराबाहेर पडली नसती.

दिवेलागण

अंगणवेल, मान्य. कुलूप दोन्ही बाजूंनी काम करतं.

ताक_फुंकून

वसतिगृहावर फार बोलू नका, वॉर्डन वाचत असतील. रात्री नऊनंतर प्रतिसाद बंद.

निमशहरी

पुढारपणाकडे येऊ या, धाग्याच्या शीर्षकात नसलं तरी मूळ पोस्टमध्ये आहे. १९०५ ला लखनौमध्ये नर्सिंग सुपरिंटेंडेंटांची संघटना झाली, सुरुवातीच्या सदस्य युरोपियन. १९०८ ला ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन, १९१० पासून तिचं मासिक, १९१२ ला आंतरराष्ट्रीय नर्सिंग परिषदेशी संलग्न, १९२२ ला दोन्ही संघटना एक. म्हणजे संघटना भारताची, जगात प्रतिनिधित्व भारताचं, खुर्च्यांवर बराच काळ परदेशी बायका.

त्याचं साधं कारण पात्रतेच्या अटीत आहे. मेट्रनला परदेशी पुढचं शिक्षण हवं. त्याला भाडं, रजा, इंग्रजी आणि शिफारस हवी. शिफारस मेट्रनची. वर्तुळ पूर्ण.

हे तुटलं ते युद्धानं. माणसं कमी पडली म्हणून १९४३ ला दिल्लीत नर्सिंग प्रशासनाचं शिक्षण देणारी शाळा निघाली. १९४६ ला दिल्लीचं नर्सिंग कॉलेज आणि त्याच वर्षी वेल्लोर, दोन्हीकडे चार वर्षांची पदवी. दिल्लीत सुरुवातीला प्राचार्य मार्गारेटा क्रेग, अमेरिकन. नंतर कॅनडाच्या इडिथ बुकॅनन. ब्रिटिश छाप गेली आणि तिच्या जागी उत्तर अमेरिकेची विद्यापीठी छाप आली. स्वातंत्र्यानंतर तेहमिना अद्रानवाला भारत सरकारच्या पहिल्या भारतीय नर्सिंग सल्लागार झाल्या.

सह्यकडा

चीनशी ताडून बघा. पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजची नर्सिंग शाळा रॉकफेलरच्या पैशानं १९२० ला निघाली, पहिली डीन ॲना वुल्फ, अमेरिकन. चिनी डीन, निए युचान, आली १९४० ला. वीस वर्षं, तीही पैशाची कमतरता नसताना. पैसा बाहेरचा असला की दर्जा लवकर येतो, खुर्ची उशिरा हलते. दिवेलागण यांनी दुसऱ्या अटीला सगळ्या रोगांवरचं औषध करू नये.

जपानची वाट मला जास्त रंजक वाटते. ताकाकी कानेहिरो हा नौदलाचा डॉक्टर स्वतः सेंट थॉमसमध्ये शिकला, नर्सेसचं काम डोळ्यांनी पाहिलं आणि परत येऊन १८८५ मध्ये तोक्योत शाळा काढली. परदेशी शिक्षिका घेतली, शाळा आपली ठेवली. फरक कळतो का? शिकवणारी बाहेरची, मालकी आतली. आपल्याकडे बराच काळ दोन्ही बाहेरचं.

टाकीचे_घाव

मेट्रन आणि डॉक्टर यांच्या भांडणाचा इतिहासही कुणीतरी लिहा. सिडनीला नाइटिंगेलनं पाठवलेली ल्यूसी ऑसबर्न मार्च १८६८ ला पोचली आणि आठवड्याभरात तिच्या नर्सेसवर गोळी लागलेल्या राजपुत्राची शुश्रूषा करायची वेळ आली. इतकी झोकात सुरुवात. मग काय, व्यवस्थापन आणि डॉक्टरांशी वर्षानुवर्षं कुरबुरी, कुजलेली पुस्तकं जाळली तर बायबल जाळल्याचा आरोप, त्यावर चौकशी समिती.

खडूफळा

त्या सगळ्याच्या मुळाशी एकच होतं: मेट्रनचा अधिकार तिच्या पत्रात लिहिलेला, रुग्णालयाच्या नियमावलीत नाही.

रात्रपाळी

आकडे घ्या म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीनं देशात सुमारे ७,००० नर्सेस धरल्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. ब्रिटनमध्ये तेव्हा ३०० ला एक. १९७१ पर्यंत ५०० ला एक करायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. सेवेच्या अटी, राहण्याची दुरवस्था, पगार यांवर समितीनं कडक लिहिलं, नर्सेसच्या स्थितीवरच्या १९५४ च्या शेट्टी समितीनं पुन्हा तेच लिहिलं. दोन्ही अहवाल वाचले की जाणवतं, अभ्यासक्रमाचा दर्जा ही त्यातली सगळ्यात छोटी अडचण होती.

१९४६ च्या पदवीचंही बघा. पदवीधर मुलीला वॉर्डात स्टाफ नर्सचीच जागा, बढती ज्येष्ठतेवर, पगारात फरक नगण्य. मग ती शाळेत शिकवायला जाते. पुढे जागतिक आरोग्य संघटना, कोलंबो योजना, रॉकफेलर यांच्या शिष्यवृत्त्या आल्या. परदेशी जाऊन आलेली थेट संचालनालयात किंवा कॉलेजात. शिकवणाऱ्या एकीकडे, राबणाऱ्या दुसरीकडे, ही भिंत तिथे पडली. नाइटिंगेलच्या रचनेत वॉर्डाची सिस्टरच शिक्षिका होती. तो धागा तुटला, आणि तो तोडणारंही परदेशी प्रशिक्षणच.

सुईदोरा

रात्रपाळी, या प्रतिसादासाठी धागा काढणाऱ्याचे आभार.

दिवेलागण

मूळ विधान बदलून लिहितो. पैशाची थैली वेगळी असणं पुरेसं नाही, हे सेंट थॉमस आणि पेकिंगवरून पटलं. मिशन मंडळांनी नमुना न उचलता गरजेतून व्यवस्था केली, तीही माझ्या तीन अटींत बसत नाही. पण एक मुद्दा सोडत नाही: विद्यार्थिनीला मनुष्यबळात मोजायचं की नाही, हा प्रश्न १८६० ला जसा होता तसाच आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स आणि इतरत्र पाचांमागे एक. त्या एकमध्ये विद्यार्थिनी धरली की प्रमाण बसतं, न धरली की बसत नाही, अशी रुग्णालयं किती असतील?

जुनीवही

शोधायचं असेल तर जुन्या वार्षिक अहवालांत चार जागा बघा. एक, प्रोबेशनरांचा, म्हणजे शिकाऊ मुलींचा, हातखर्च 'आस्थापना' खाली दाखवलाय की 'शिक्षण' खाली. दोन, रुग्णालय समितीच्या बैठकीला मेट्रन हजर होती का, की तिचा अहवाल सर्जन वाचून दाखवायचा. तीन, कापड आणि भांडी यांच्या साठ्यावर सही कुणाची. ती सही मेट्रनची असेल तर तिच्या हातात खरोखर काहीतरी होतं. चार, एखादी मुलगी काढली तर पत्र कुणाच्या नावानं गेलं. अभ्यासक्रम बघत बसू नका, तो सगळीकडे सारखाच छापलेला असतो.

सांगलीकर_बाळू

पाचवी जागा: रात्रपाळीचा तक्ता. पहिल्या वर्षाच्या मुली रात्री एकट्या वॉर्डवर आहेत का, एवढंच बघा.

ताक_फुंकून

नऊ वाजले. दिवे घालवा.

गोदाकाठ

थांबा हो, जळवा लावायची पद्धत सांगायची राहिली जुनीवहींची.

जुनीवही

त्वचा साबणानं नव्हे, साध्या पाण्यानं धुवायची, साबणाचा वास राहिला तर जळू धरत नाही. धरलीच नाही तर दुधाचा किंवा साखरपाण्याचा थेंब. ओढून काढायची नाही, दात आत राहतात. पोट भरलं की आपणच सुटते, घाई असेल तर मिठाची चिमूट. नंतर रक्त बराच वेळ पाझरतं, म्हणून कापूस दाबून बांधायचं आणि मुख्य म्हणजे लावलेल्या आणि निघालेल्या जळवा मोजायच्या.